सातवा गाऊन

लोक विचारतात, हा गाऊन तुम्हाला सुचला कसा? मी सांगते, सासूबाईंमुळे. मग ते म्हणतात, "वा, भाग्यवान सासू हो!" तेव्हा मी विषय बदलते. कापडाचं काहीतरी काढते, नाहीतर "माप राहिलंय" म्हणून सरळ उठून जाते. आज उठणार नाही. किती दिवस गिळून बसू? घशाशी आलंय आता.

तर आमच्या सासूबाई. एकोणतीस वर्षं त्या शर्टांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलाला होत्या. आम्ही मशिनवर शिवायचो, पीस त्यांच्या टेबलावर जायचा. त्या तो उलटा करणार, सुलटा करणार, उजेडाकडे धरणार, आणि टाका चुकला असेल तिथे निळ्या खडूने एक गोल काढणार. बस्स. एक शब्द नाही, एक शिवी नाही. तो गोल घेऊन पीस परत तुमच्या मशिनवर. सगळी लाइन त्यांना खडूबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. पुढे म्हणायची कोणाची टाप होती! माझ्या पहिल्या दिवशी मी चौदा कॉलर शिवल्या आणि अकरा परत आल्या. मी संडासात जाऊन रडले आणि त्यांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करून आले. दोन वर्षांनी त्याच बाईंनी मला त्यांच्या मुलासाठी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या कॉलर तर तुम्हाला पसंत नव्हत्या." त्या म्हणाल्या, "उसवून परत शिवताना तू कुरकुर करत नाहीस. ते पसंत आहे."

म्हणजे मी पास झाले ती शिवणावर नाही, उसवण्यावर. नवऱ्याला हे सांगितलं तर तो आठवडाभर हसत होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्या इमारतीत कोण अडकलं की ह्याचा फोन वाजतो, मग जेवण अर्ध्यावर टाकून पळायचं.

पुढे कारखाना बंद पडला. सासूबाईंचं वय झालंच होतं, मी मात्र ऐन उमेदीत घरी बसले. घरात एक मशिन टाकलं आणि पँट खाली कर, चेन बदल, बाही उसव अशी फुटकळ कामं घ्यायला लागले. गिऱ्हाईक कपडा न्यायला यायच्या आधी सासूबाई तो बघणार. घरी सुद्धा! मी चिडायचे. "आई, त्या माणसाला नुसती चेन हवीय, त्याला काय शर्यत जिंकायचीय?" त्या ऐकून घ्यायच्या आणि गोल काढायच्या.

आणि एका सकाळी दात घासता घासता त्या मोरीत कोसळल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिहायला पेन दिलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, "अक्षरंही हरवलीत सध्या. पण समजतं सगळं. त्यांच्यासमोर बोलताना हे विसरू नका." आम्ही कसले विसरतोय! त्यांचे डोळे होते तेच होते. भाजीत मीठ जास्त झालं तर त्या डोळ्यांनीच आमच्या दोघांचं पाणी पाणी करायच्या.

घरी आणून ज्या पलंगावर ठेवलं त्याला लोखंडी कठडा होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनीच युक्ती काढली. डाव्या हाताचं बोट मुडपून कठड्यावर वाजवायचं. एकदा टक म्हणजे हो, दोनदा टकटक म्हणजे नाही. त्यांचा पहिलाच 'नाही' त्यांच्या पोटच्या पोराला मिळाला. मला एकटीला त्यांना उचलून कपडे बदलणं जमेना, म्हणून मी नवऱ्याला आत बोलावलं. तो दारात आला मात्र, टकटक, टकटक, टकटक. थांबेचनात. तोंड लाल झालेलं, डोळ्यांत पाणी. तो बिचारा बाहेर गेला तेव्हा कुठे हात थांबला. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "आई, तुमचे कपडे बदलताना ह्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नसेल. कोणाची नजर पडू देणार नाही. शब्द देते तुम्हाला." त्यांनी एकदाच वाजवलं.

हा शब्द मी दिला होता. कोणी मागितला नव्हता, मीच आपणहून दिला होता.

आता हलू न शकणाऱ्या माणसाचे कपडे बदलणं काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. एका कुशीवर वळवा, बाही काढा, दुसऱ्या कुशीवर वळवा, खालून ओढा, ते अंगाखाली अडकतं, मग उचला. वीस-वीस मिनिटं झटापट. माझी कंबर धरायची आणि त्यांचा तो लुळा खांदा दुखायचा. एक दिवस खांदा जोरात ओढला गेला आणि त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की मी कात्री घेतली आणि अंगावरचा गाऊन पाठीतून टराटरा कापून काढला. कापला आणि बघतच राहिले. अरेच्चा! आधीच कापून का शिवू नये?

तिथून सुरुवात. पहिला गाऊन मी मागे बटणं लावून शिवला, गळ्याला छान गोट, खिशावर फूल. सासूबाईंनी तो दिवसभर घातला. संध्याकाळी काढला तर पाठीवर बटणांचे लाल वळ. मी खडूचा तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि गाऊन मांडीवर पसरला. त्यांनी प्रत्येक बटणावर गोल काढला. मग खिशावरच्या फुलावरही काढला! फुलाचं काय चुकलं होतं ते आजवर कळलं नाही. दुसऱ्याला नाड्या लावल्या, त्या गाठी रुतल्या. तिसऱ्याला चिकटपट्टी लावली, ती दोन धुण्यांत केस, धागे, जगभरचा कचरा गोळा करून बसली. प्रत्येक गाऊन एक दिवस अंगावर आणि संध्याकाळी खडू. मी उसवत होते आणि त्या गोल काढत होत्या, अगदी कारखान्यातल्यासारखं. खरं सांगू? त्या आजारपणातले ते आमचे सगळ्यात चांगले दिवस होते. त्यांच्या हाताला काम होतं. मला तर वाटतं, त्या संध्याकाळची वाट बघायच्या.

सातवा गाऊन पुढचा वेगळा, मागचा वेगळा असा होता. दोन्ही खांद्यांवर टिचबटणं, तीही अंगाखाली येणार नाहीत अशी पुढच्या बाजूला. मागच्या दोन पाकळ्या पाठीखाली न सारता कडेने खोचायच्या. माणसाला उचलायचं नाही, ओढायचं नाही, दोन मिनिटांत काम. सासूबाईंनी तो तीन दिवस घातला. तिसऱ्या संध्याकाळी मी खडू दिला. त्यांनी गाऊन उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि खडू परत माझ्या हातात दिला. कुठेच गोल नाही. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. घरी शिवायला लागल्यापासून पहिल्यांदा माझा पीस पहिल्याच खेपेला पास झाला होता. म्हणजे सातव्या खेपेला, पण ते सोडा.

मग माझ्या डोक्यात धंदा शिरला. आपल्यासारखी घरं काय कमी आहेत? मी तीन गाऊन शिवून तीन घरांत फुकट दिले, म्हटलं वापरून सांगा. पंधरा दिवसांनी गेले तर तिन्हीकडे "छान आहे हो, फारच छान." मी हवेत. पण तिसऱ्या घरात दाराशी चपला काढताना खाली बघते तर काय, माझा गाऊन पायपुसणं झालेला! टिचबटणांसकट! तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन सासूबाईंना रंगवून सांगितलं, तर त्यांच्या तोंडाची जी बाजू हलायची ती अशी हलली की हसल्याच म्हणायच्या. फुकटच्या वस्तूची तक्रार कोण करतंय! पुढच्या वेळी मी पैसे घेऊन गाऊन दिले. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू. बाही आखूड आहे, कापड गरम होतं, टिचबटण उघडायला कडक आहे. प्रत्येक तक्रार मी घरी येऊन सासूबाईंना सांगायची. त्या कधी एकदा वाजवायच्या, कधी दोनदा. जिथे एकदा वाजवलं तिथे मी गाऊन सुधारला. ह्या धंद्यात त्या निम्म्याच्या मालक होत्या, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. हसत हसत सांगायचे.

बाजारात पेठेच्या तोंडाशी आजारी माणसांच्या सामानाचं एक दुकान आहे. चाकाच्या खुर्च्या, कमोड, काठ्या. मालकांना सगळे काठीवाले म्हणतात. मी सात गाऊन घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, "शिवण झकास. पण बाई, लोक विश्वास ठेवणार नाहीत. न उचलता दोन मिनिटांत कपडे बदलतात म्हटलं तर हसतील. करून दाखवावं लागेल."

"दाखवते की. बाहुलीवर दाखवते."

"बाहुलीला काय, काहीही चढवता येतं."

"मग मीच आडवी पडते. तुमच्या दुकानातली मुलगी बदलेल."

आम्ही ते करूनही पाहिलं, दुकानाच्या मागच्या खोलीत. काठीवाले अनुभवी माणूस. म्हणाले, "तुम्ही मदत करताय. न कळत खांदा उचलताय." बरोबर होतं त्यांचं. धडधाकट माणसाला लुळं पडताच येत नाही. कितीही ठरवलं तरी अंग आपसूक साथ देतं. "खरा पेशंट हवा," ते म्हणाले.  घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, सासूबाईंवरच दाखवायचं.

पहिल्यांदा मी रीतसर विचारलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक सिस्टर राहतात, दुपारच्या ड्यूटीला हॉस्पिटलात जातात. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, सिस्टर एकट्याच बघतील. बाईमाणूस, त्यातून हेच काम करणारी. त्यांनी काठीवाल्यांना सांगितलं की झालं. चालेल?" बराच वेळ हात हलला नाही. मग एकदा वाजला. सिस्टरनी बघितलं, स्वतः बदलूनही बघितलं, आणि जाताना सासूबाईंचा हात हातात घेऊन "थँक यू" म्हणाल्या. मला थँक यू नाही म्हणाल्या, त्यांना म्हणाल्या. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सिस्टरच्या सांगण्यावर काठीवाल्यांनी दहा गाऊन ठेवले. ते खपले, पण सावकाश. आणि मग एका मंगळवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात काठीवाले आणि त्यांच्या मागे एक सुटाबुटातला माणूस. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचा मॅनेजर. दोन इमारती, नव्वद पलंग. काठीवाले माझ्या कानाशी म्हणाले, "साहेबांना वेळ नाही. आत्ता दाखवलंत तर आत्ता ठरेल. उद्या दुसरं कोणी गाठेल."

नवरा कामावर. घरात मी आणि त्या. मला भीती वाटली, पण ती कशाची होती? ऑर्डर जाईल ह्याची होती. शब्द मोडेल ह्याची नव्हती. आज मान खाली घालून सांगते, त्या क्षणी तो शब्द मला आठवलासुद्धा नाही.

मी आत गेले आणि गोड आवाजात म्हणाले, "आई, पाहुणे आलेत. दोनच मिनिटं हं." विचारलं नाही. सांगितलं. आणि त्यांच्याकडे न बघता त्या दोघांना आत घेतलं.

टकटक.

मी बोलायला सुरुवात केली. मोठ्याने बोलत होते. "हे बघा, आधी खांद्यावरची दोन बटणं." टकटक. "पुढचा भाग असा खाली येतो, आणि नवा लगेच वरून, म्हणजे अंग उघडं पडत नाही." पण घाईत नवा गाऊन माझ्या हातून सरकला आणि अंग उघडं पडलं. किती वेळ? दोन-तीन श्वास असेल. मॅनेजर मोबाइल धरून उभा होता, म्हणाला, "चालू द्या, मी टायमर लावलाय." टकटक. टकटक. काठीवाल्यांनी नजर खिडकीकडे वळवली. परका माणूस, त्याला कळलं! मला कळलं नाही असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. पण मला कळलं होतं. मी प्रत्येक टकटक ऐकली होती. आणि मी काय केलं? मी तो हात धरला. कठड्यावर वाजणारा तो डावा हात माझ्या हाताने धरला, बाहीत घातला आणि म्हणाले, "हा बघा, हातसुद्धा किती सहज जातो."

"एक मिनिट पन्नास सेकंद," मॅनेजर म्हणाला. "ग्रेट."

ऑर्डर दीडशे गाऊनची आली. नवरा संध्याकाळी आला तो उड्याच मारायला लागला. "खडूबाईंची सून आहे शेवटी! आई, ऐकलंस का, दीडशे!" सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. "दमल्यात," मी म्हटलं. संध्याकाळी मी नव्या कापडाचा गाऊन मांडीवर पसरून खडू दिला. त्यांनी खडू घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मनाला समजावलं, आजारी माणसाचा मूड असतो, जाईल. मनाला समजावण्यात मी भलतीच पटाईत आहे.

तीन आठवडे झाले. माझ्याकडे दोन बायका कामाला आल्या, पुढच्या खोलीत अजून एक मशिन आलं. काठीवाल्यांनी पत्रकं छापली. त्यावर मीच मजकूर दिला होता: 'घरच्या माणसावर वापरून, पारखून तयार केलेला गाऊन.' वाचून मला अभिमान वाटला होता. आता ते पत्रक कुठे दिसलं की मी ते उलटं करून ठेवते.

मग एके दुपारी काजवाली आली. ही आमच्या कारखान्यात काजांच्या मशिनवर असायची. तोंडाची फटकळ, मनाची साफ, सासूबाईंवर तिचा फार जीव. आल्या आल्या पलंगाशी बसली आणि पर्समधून मोबाइल काढला. "अहो खडूबाई, तुम्ही तर फेमस झालात! आपल्या जुन्या ग्रुपवर आलाय व्हिडिओ. सगळ्या बघतायत."

 त्या माणसाने टायमर लावला नव्हता, व्हिडिओ काढला होता! आणि तो त्याने कोणाला पाठवला, त्यांनी कोणाला, करता करता तो आमच्याच बायकांपर्यंत आला होता. मी पुढे होऊन मोबाइल घ्यायला हवा होता. पण मी दारातच खिळले, आणि काजवालीने भाबडेपणाने तो सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

व्हिडिओत माझा आवाज. मोठा, गोड, गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज. आणि त्यातून तो दुसरा आवाज अगदी स्वच्छ. टकटक. टकटक.

"आणि हे काय गं वाजतंय मधूनमधून?" काजवालीने विचारलं.

मी म्हणाले, "घड्याळ असेल."

हे मी त्यांच्यासमोर म्हणाले. त्यांचा डावा हात तिथेच पांघरुणावर होता, आणि मी त्यांच्यासमोर म्हणाले, घड्याळ असेल. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी पाय धरले असते. त्यांनी नुसतं बघितलं, एखादा पीस उजेडाकडे धरून बघावा तसं, आणि मग डोळे मिटून घेतले. व्हिडिओ पुढे चालूच होता. ते दोन-तीन श्वास आले तेव्हा काजवालीच्याही लक्षात आलं. तिने घाईघाईने मोबाइल पालथा केला. चहा न घेता गेली. दारात माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू विचारलं होतंस ना त्यांना?" मी "हो" म्हटलं. आणखी एक खोटं.

मॅनेजरला फोन केला. "काढून टाकतो, टाकतो, त्यात एवढं काय," तो म्हणाला. त्याने काढून टाकला असेलही. पण ज्या बायकांनी वर्षानुवर्षं खडूबाईंच्या टेबलापुढून जाताना पदर सावरला, आवाज खाली केला, त्या सगळ्यांनी तो बघितला होता. तो त्यांच्या डोळ्यांतून कोण काढणार? नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की त्या माणसाने न विचारता व्हिडिओ काढला. नवरा त्याच्या नावाने शिव्या घालत राहिला, आणि मी "हो ना, काय मेले लोक असतात" म्हणत पोळ्या लाटत राहिले. टकटक त्याला सांगितली नाही. आजही सांगितलेली नाही.

त्यानंतर सासूबाईंनी मला काही वाजवून दाखवणंच सोडलं. चहा हवा का, विचारलं तर हात गप्प. नवरा विचारायचा तेव्हा वाजवायच्या. मी कपडे बदलायला गेले की डोळे मिटून पडून राहायच्या, त्या लुळ्या बाजूसारखीच दुसरी बाजूही सोडून द्यायच्या. मी बदलत होते. दोन मिनिटांत, न उचलता. माझ्या गाऊनमध्ये काही खोट नव्हती.

ह्याच काळात बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या होत्या. चित्रं दाखवायच्या, ओठ कसे करायचे ते दाखवायच्या. "पा-णी" म्हणा. "हो" म्हणा. मुलाचं नाव म्हणा. तीन महिने घशातून नुसती हवा. बाई म्हणायच्या, "घाई नको. कुठला शब्द आधी येईल ते आपल्या हातात नसतं. त्यांना ज्याची सगळ्यात जास्त गरज असेल तो येतो."

एका रविवारी सकाळी मी नेहमीसारखी धुतलेला गाऊन घेऊन आत गेले, दार लोटलं आणि खांद्यावरच्या बटणाला हात लावला. सासूबाईंनी डोळे उघडले. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला वाटलं काहीतरी होतंय त्यांना.

"नको," त्या म्हणाल्या.

स्पष्ट. खरखरीत, पण स्पष्ट. माझा हात तिथेच राहिला.

"नको," पुन्हा म्हणाल्या.

बाहेर नवऱ्याने ऐकलं. "आई बोलली? अगं, आई बोलली!" तो दारातून आरडाओरडा करायला लागला, हसत होता, रडत होता. मी गाऊन तसाच छातीशी धरून बाहेर आले. तो आत धावला, त्यांच्या पायाशी बसला, मग मोबाइल घेऊन अंगणभर फिरत सगळ्यांना फोन लावायला लागला. मामांना, मावशीला, काजवालीला, काठीवाल्यांनासुद्धा. "अहो, आई बोलली! नको म्हणाली! आणि पहिला शब्द कोणाशी बोलली माहितेय? सुनेशी! माझ्याशी नाही हो, सुनेशी! करतेच तेवढं ती आईचं."

प्रत्येक फोनवर हेच. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. प्रत्येक वेळी तोंडात मारल्यासारखं होत होतं आणि तोंड उघडून खरं सांगायची हिंमत होत नव्हती.

मग मी वर जाऊन सिस्टरना बोलावलं. त्या दिवशी गाऊन त्यांनीच बदलला.

संध्याकाळी कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून नवरा गेल्यावर मी सासूबाईंपाशी बसले. म्हटलं, "आई, मी ऐकलं होतं. त्या दिवशी. पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं, आणि तरी हात धरला तुमचा." त्यांनी छताकडे बघत ऐकून घेतलं.  मी माफ करा म्हणाले नाही. म्हणायला तोंड होतं कुठे!

ह्याला आठ महिने झाले. गाऊन आता चार दुकानांत जातो, सहा बायका शिवतात. सासूबाईंना तीसेक शब्द येतात. मुलाला नावाने हाक मारतात, काजवालीला "बस" म्हणतात, सिस्टरना "ये" म्हणतात, भाजी बिघडली की "मीठ" म्हणतात. मी रोज सकाळी धुतलेला गाऊन घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, "आई, मी बदलू?" आणि आता थांबते. उत्तर येईपर्यंत थांबते. त्या माझ्याकडे बघतात आणि नको म्हणतात. मग मी जिन्यातून सिस्टरना हाक मारते.